प्रमाणपत्राशिवाय पर्माकल्चरचं काम: नाशिक परिसरात सुरुवात कशी करावी?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

वय २९, मेकॅनिकल डिप्लोमा, सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला नोकरी. दिंडोरी तालुक्यात वडिलोपार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. बहुतेक भागात चुलते टोमॅटो-सोयाबीन करतात. एक उताराचा मुरमाड तुकडा, दहा-बारा गुंठ्यांचा, पडीकच आहे.

मला पर्माकल्चरचं काम, म्हणजे निसर्गाच्या पद्धतीने पाणी, माती आणि झाडं टिकतील अशी जागेची आखणी करून देणं, व्यवसाय म्हणून करायचं आहे. गिरणारे, त्र्यंबक रोड, वैतरणा या बाजूला शहरातल्या लोकांनी एकेक-दोनदोन एकर घेऊन ठेवलेत. पुढे काय करायचं ते कळत नाही, मग लॉन टाकतात, कडेने नारळ लावतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर मागवतात. बंगल्यांच्या परसबागा आणि गच्च्या आहेतच.

अडचण अशी की माझ्याकडे पीडीसी (पर्माकल्चर डिझाइन कोर्सचं प्रमाणपत्र) नाही. निवासी कोर्स म्हणजे दोन आठवडे सलग रजा, जी कंपनी देणार नाही, आणि फी एका दमात भरणं सध्या जड आहे. व्हिडिओ भरपूर पाहिलेत, पण पाहून पोहता येत नाही हेही कळतं.

विचारायचं ते इतकंच: प्रमाणपत्र नसताना पैसे घेऊन असं काम करणं कायद्याने चालतं का? लोक विश्वास ठेवतात का? आणि सुरुवात नक्की कुठून करायची?

घरी विषय काढला तर आई म्हणाली, "तुझ्या बापाने तुला शेतीतून बाहेर पडावं म्हणून शिकवलं, आता शेती शिकायला पैसे भरणार का?" तिला उत्तर देता आलं नाही.

खवचट

मिसळीच्या हॉटेलात शिरताना आचाऱ्याचं प्रमाणपत्र विचारता का? गर्दी बघता आणि बसता.

बाकी फार्महाऊसवाल्याला लॉनच हवं असतं हो. त्याला बायोडायव्हर्सिटी सांगायला गेलात तर तो सापांबद्दल विचारेल.

भटकभवानी

खवचट, सापांचा प्रश्न खरंच येतो. पहिल्याच भेटीत येतो.

सातपूरकर, कायद्याचं आधी सांगते: चालतं. आपल्याकडे पर्माकल्चर डिझायनर हा कायद्याने बांधलेला पेशा नाही. आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, तशी इथे कुठलीच परिषद नाही. म्हणूनच कार्डावर 'लँडस्केप आर्किटेक्ट' असलं काही छापू नका, ती पदवी तुमची नाही.

आता पीडीसी म्हणजे काय ते, कारण निम्म्या लोकांना ते सरकारी वाटतं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी सत्तरच्या दशकात टास्मानियात ही सगळी मांडणी केली. मॉलिसननी पुढे ७२ तासांचा अभ्यासक्रम बसवला, जगभर अजून तोच सांगाडा वापरतात. परीक्षा घेणारं एक मध्यवर्ती मंडळ नाही. शिकवणारा सही करतो. शेवटी गटाने एक आराखडा करून मांडायचा, की झालं. त्यानंतर दोनेक वर्षं प्रत्यक्ष काम करून डिप्लोमा करायचीही पद्धत आहे, ती फार कमी लोक पूर्ण करतात. मॉलिसन १९८७ साली आपल्याकडे येऊन गेले, झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीत कोर्स घेतला. पुढे नरसन्ना कोप्पुला यांनी तेलंगणात 'अरण्य' उभं केलं आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय संमेलन हैदराबादला भरलं. म्हणजे शिकायचं म्हटलं तर फार लांब जावं लागत नाही.

मी कोर्स केलाय. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. जागा कशी बघायची याची शिस्त लागली: वारा कुठून येतो, ऊन कुठे टिकतं, माणूस रोज कुठून कुठे चालतो, हे आधी आणि झाडांची यादी सगळ्यात शेवटी. शिवाय वर्गातले लोक आजही फोनवर असतात. पण जेसीबीवाल्याशी कसं बोलायचं, सोमवारी मजूर आलेच नाहीत तर काय करायचं, ग्राहकाने मध्येच "इथे स्विमिंग पूल बसेल का" विचारलं तर चेहरा कसा ठेवायचा, यातलं काहीही कोणी शिकवलं नाही.

एक संकेत मात्र पाळा. काम जरूर करा, पण पीडीसी नसताना पर्माकल्चरच्या कार्यशाळा घेऊन स्वतःच प्रमाणपत्रं वाटत सुटू नका. तसे महाभाग आहेत.

बागाईतदार

दिंडोरीचाच आहे भो मी. द्राक्षाची बाग आहे.

स्पष्ट बोलतो. शेतकरी तुम्हाला सल्ल्याचे पैसे देणार नाही. आमच्याकडे औषधवाला फुकट सल्ला देतो, त्याची वसुली बाटलीत असते. तुमच्याकडे विकायला बाटलीच नाही. त्यामुळे गिऱ्हाईक शहरातलं धरा, शिका मात्र शेतकऱ्याकडून.

आणि प्रमाणपत्राचं म्हणाल तर तास-ए-गणेश आणि सोनाका ही द्राक्षाची वाणं कुठल्या प्रयोगशाळेत निघाली नाहीत, तासगाव आणि सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या बागेतल्या थॉमसन जातीच्या वेलीतून निवडली. आख्ख्या नाशिकने लावली की नंतर. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर सर गणिताचे प्राध्यापक होते, शेतीचे नव्हे. त्यांच्या प्रयोग परिवारात लोक आपापल्या रानात करून बघायचे आणि एकमेकांना पत्रं लिहून कळवायचे. दहा गुंठ्यांत कुटुंब कसं जगेल याचा हिशोब त्या माणसाने सूर्यप्रकाशापासून मांडला होता. तुमचे ते परदेशी साहेब वाचा, पण हे घरचं आधी वाचा.

ओळंबा

मृदसंधारणाच्या कामात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. चर, बांध, नाला बंडिंग यातच केस पिकले. पर्माकल्चर हा शब्द आमच्या वेळी नव्हता, पण आज इंटरनेटवर 'स्वेल' म्हणून जे दाखवतात ते आमच्या सलग समतल चराचंच, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चराचंच भावंड आहे.

धागाकर्त्यांनी स्वतःचा डिप्लोमा फार लवकर बाजूला टाकला. तुम्ही क्वालिटीत आहात म्हणजे मोजून बोलायची सवय आहे. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक लोक झाडांवर प्रेम करणारे असतात, पण लेव्हल घेता येणारे कमी. तुमचं भांडवल तेच आहे.

पहिलं काम: समपातळी काढायला ए-फ्रेम करा. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून ओळंबा सोडायचा. जमिनीवर ठेवून दोरी जिथे येईल तिथे आडव्या काठीवर खूण, मग पाय उलटसुलट करून दुसरी खूण, दोन्हींच्या मधोमध तुमची समपातळी. खर्च जवळपास शून्य. नाहीतर गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरून दोन माणसांनी धरली की काम होतं. त्या दहा-बारा गुंठ्यांवर समपातळीच्या रेषा फक्कीने आखा, फोटो काढा. खोदू नका. अजून खोदू नका.

आता आकडे. नाशिक शहराकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरतात. इगतपुरीत तीन हजारांच्या वर जातो, येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे, म्हणून इगतपुरीतला आराखडा उचलून नांदगावला लावता येत नाही. एका गुंठ्यावर ७०० मिमी म्हणजे जवळपास ७० हजार लिटर पाणी. ऐकायला छान वाटतं, पण ते टप्प्याटप्प्याने येत नाही. एका तासात ५० मिमी पडला तर एका एकरावर दोन लाख लिटर. निम्मं जरी वाहिलं तरी लाख लिटर. आता तुमचा चर बघा: शंभर फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे खोदाई दोन ब्रास. त्यात मावतं साडेपाच हजार लिटरच्या थोडं वर. उरलेलं पाणी कुठे जाणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याने चर आखू नये, मग त्याच्याकडे कितीही प्रमाणपत्रं असोत.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट, आधी ठरवायचा, चर नंतर.

काळीमाती

ओळंबा काकांना दंडवत. आमच्याकडे सिन्नर तालुक्यात हेच घडलं. शेजारची जमीन एका डॉक्टरांनी घेतली, बाहेरून सल्लागार आणले, रीतसर प्रमाणपत्र असलेले. काळ्या भारी रानात उतारावर तीन समतल चर मारले, वर छान भराव केला, त्यावर पपई, शेवगा, सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं. फोटो इतके सुंदर होते की गावातली पोरं सेल्फी काढायला जायची.

पाणी मुरलंच नाही. आठवडाभर चरात उभं राहिलं, खालचा पट्टा चिबडला, पपई मुळासकट सडली. उन्हाळ्यात भरावाला भेगा गेल्या आणि पुढच्या जूनमधल्या एका पावसात वरचा बांध फुटला, त्याच्या लोंढ्याने खालचे दोन. ते सगळं आमच्या कांद्याच्या रोपात. सल्लागारांनी फोनवर सांगितलं, निसर्गाला वेळ द्या. आमच्या रोपांनी कोणाकडे वेळ मागायचा?

त्यामुळे धागाकर्त्यांना हात जोडून विनंती, गच्ची करा, परसबाग करा, झाडं लावा, माती हलवायच्या कामाला मात्र एकट्याने हात घालू नका.

भटकभवानी

वाईट झालं. पण तो माणूस कोर्स केल्यामुळे चुकला असं नाही ना. सांडवा ठेवला नाही, खड्डा खणून माती बघितली नाही, म्हणून चुकला. कोर्समध्ये दोन्ही सांगतात.

काळीमाती

सांगत असतील. नुकसान भरून कोण देतं ते सांगत नसावेत.

ओळंबा

दोघांचंही बरोबर आहे. काळ्या जमिनीबद्दल थोडं सांगतो, नव्या माणसाला लागेल. जमीन हलकी, मुरणारी आणि पाऊस कमी असेल तर समतल बांध. जमीन भारी किंवा पाऊस जास्त असेल तर ढाळीचा बांध, म्हणजे पाणी अडवून न धरता हळूहळू कडेला नेऊन गवताळ ओघळीत सोडायचं. हे परदेशातून आलेलं नाही, आमच्या खात्याच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवत. सलग समतल चर हे मुख्यतः डोंगरउताराच्या, पिकाखाली नसलेल्या जमिनीचं काम आहे. लोक ते उचलून सपाट काळ्या रानात आणतात.

मुरतं की नाही बघायला प्रयोगशाळा नको. हात-दीड हात खोल खड्डा घ्या, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग पुन्हा भरून घड्याळ लावा. तासात किती बोटं उतरलं ते लिहून ठेवा. पावसाळ्याआधी एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा. दोन्ही आकडे सारखे आले तर मला कळवा, मी स्वतः बघायला येईन.

पानफूल

मखमलाबादकडे छोटी रोपवाटिका आहे, बागा करून देते. धंद्याच्या बाजूने सांगते, कारण वरचे सगळे जमिनीबद्दल बोलताहेत आणि पैशाबद्दल कोणीच बोलत नाही.

दादा, तुमच्या कामाला कागद लागत नाही, पण त्या कामाच्या आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टींना लागतो आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. फळझाडांची कलमं तयार करून विकायची तर रोपवाटिकेचा परवाना लागतो, त्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. गांडूळखत किंवा कंपोस्ट 'खत' म्हणून पिशवीत भरून विकायला गेलात की १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. कीडनाशक विकायला कृषीची पदवी किंवा ठरावीक अभ्यासक्रम हवा. ग्राहकाच्या शेतातला भाजीपाला 'सेंद्रिय' म्हणून दुकानात जायचा असेल तर त्याला पीजीएस किंवा एनपीओपी या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र, आणि ते शेताचं असतं, तुमचं नाही. (छोट्या शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलं तर सवलत आहे.) शहरात झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. आणि खोदाईचा मुरूम शेतातच वापरा. ट्रॅक्टर भरून बाहेर निघाला की तलाठी गौण खनिजाचं विचारणार.

म्हणून मी सांगेन, सुरुवातीला विकू काहीच नका. आखणी आणि देखरेख, एवढंच करा. रोपं ग्राहकाच्या नावावर थेट नर्सरीतून घ्यायला लावा. नर्सरीकडून कमिशन घ्यायचा मोह होतो, घेतलंत तर ग्राहकाला सांगून घ्या.

भेटीचे पैसे पहिल्या दिवसापासून घ्या, थोडे का होईना, काम मिळालं तर त्यात वळते करा. फुकट भेटीला बोलावणारे लोक चहा उत्तम देतात आणि काम दुसऱ्याला. आखणीचे वेगळे, देखरेखीचे महिन्याने वेगळे. मजूर उक्ते द्यायचे की रोजंदारीवर ते ग्राहकाशी आधी ठरवा, कारण खड्डे उक्ते दिले की दोन फुटांचे दीड फूट होतात. आणि कागदावर लिहून द्या की काय करणार, काय नाही करणार आणि झाडं जगवायची जबाबदारी कोणाची. व्हॉट्सॲपवर चालेल, पण लिहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर सेवेसाठी जीएसटीची सक्ती नाही, त्यामुळे त्याची धास्ती नको.

लोक विश्वास ठेवतात का? माझ्याकडे आजवर प्रमाणपत्र मागितलं ते एका मोठ्या सोसायटीने आणि एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी. बाकी सगळे विचारतात, "तुम्ही केलेली एखादी जागा दाखवता का?"

खवचट

म्हणजे माझा मिसळीचा मुद्दा. रॉयल्टी पाठवा.

डोंगरची_मैना

पेठ तालुक्यात शिक्षिका आहे. या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होते.

आमच्याकडे शनिवार-रविवारी शहरातून लोक येतात, 'फूड फॉरेस्ट', म्हणजे जंगलासारखी खाण्याच्या झाडांची बाग, बघायचं म्हणतात. मी त्यांना शाळेजवळच्या एका कोकणा कुटुंबाच्या घरी नेते. घरामागे शेवगा, पांगारा, अळू, वेलीवर दुधी, कुंपणाला निवडुंग आणि कडवे वाल, मोरीच्या पाण्यावर केळी. उतारावर नागली-वरई, खाचरात भात. त्या बाईंना विचारलं हे कोणी आखून दिलं, तर त्या हसतात. पण उन्हाळ्यात याच गावात विहिरी तळाला जातात, दोन हजार मिलिमीटरच्या गावात, हेही त्या पाहुण्यांनी बघावं. सगळंच शहाणपण आमच्याकडे आहे आणि अडचण काहीच नाही असं चित्र रंगवू नका.

राहीबाई पोपेरे इथून जवळच, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेत गेल्या नाहीत, घरात देशी बियाण्यांची बँक केली, २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांचं उदाहरण सगळे देतात. पण बायफसारखी संस्था वर्षानुवर्षं पाठीशी होती हे सांगायचं राहतं. एकट्याने फार काही होत नाही.

धागाकर्त्यांना दोन गोष्टी. आमच्याकडच्या लोकांकडून बियाणं, माहिती घेतलीत तर पैसे द्या. शहरातल्या सल्लागाराच्या भेटीला फी असते आणि इथल्या आजीच्या ज्ञानाला फक्त कौतुक, हे मला खटकतं. आणि कोणी ग्राहक 'पेठ-सुरगाण्यात स्वस्तात जमीन घेतोय, प्लॅन करून द्या' म्हणाला तर सातबारा बघा. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. तोंडी व्यवहार भरपूर चालतात. असल्या कामात पडू नका.

सातपूरकर

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मैनाताई, पैशांचं लक्षात ठेवीन.

एक पेच. समजा मला पहिलं काम मिळालं, एका ओळखीच्या साहेबांचं, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला दीड एकर. ते महिन्यातून दोनदा येतात. पर्माकल्चरमध्ये घर हा झोन शून्य धरून रोज लागणारं जवळ, कधीतरी लागणारं लांब अशी आखणी करतात. जिथे कोणी राहतच नाही तिथे हे कसं लावायचं?

पानफूल

राखणदार आहे का?

सातपूरकर

हो, एक जोडपं राहतं, पत्र्याची खोली आहे गेटजवळ. दोन मुलं.

पानफूल

मग तुमचा झोन शून्य ती पत्र्याची खोली. बंगला नव्हे.

नीट ऐका, कारण यावरच बहुतेक फार्महाऊसची कामं बुडतात. साहेबांना व्हरांड्यातून दिसेल अशी औषधी वनस्पतींच्या चक्री वाफ्याची रचना करून दिली आणि पाणी घालणारी बाई गेटपाशी राहते. एप्रिलमध्ये तिला तिथवर हंडा न्यायचा नसतो आणि तिने का न्यावा? तीच वाफ्यांची जागा तिच्या मोरीच्या सांडपाण्याला लागून केली, मिरची, कोथिंबीर, वांगी, अळू, चार केळी, आणि साहेबांकडून कबूल करून घेतलं की यातलं ते कुटुंब हवं ते खाईल, तर ते वाफे कधीच वाळणार नाहीत. आखणीच्या बैठकीत तिला बसवा. साहेबांना आधी विचित्र वाटेल. दुसऱ्या वर्षी तेच मित्रांना सांगतील.

कोंबड्या साहेबांना हव्या असतील तर त्याही तिला विचारून.

बागाईतदार

हे आवडलं. आमच्या बागेत पण गडी टिकला तर बाग टिकते.

भटकभवानी

पानफूलताई, हे मी आजवर एकाही वर्गात ऐकलं नाही. वहीत लिहून घेतलं.

सातपूरकर, यात भर: छताचं पाणी धरा. १०० चौरस मीटर छत आणि ७०० मिमी पाऊस, गळती-बाष्पीभवन वगळून ८० टक्के धरलं तरी ५६ हजार लिटर होतं. पण पुन्हा तेच, टाकी केवढी आणि ओसंडून कुठे. आणि झाडं जूनच्या पहिल्या सरीला लावू नका. चांगला वाफसा येऊ द्या. त्याआधी ताग, धैंचा, चवळी, तूर अशी माती धरणारी पिकं टाका, बांधावर गिरीपुष्प आणि शेवरी, चराच्या कडेने वाळा. आंबा-चिकूची घाई सगळ्यांना असते, सावली आणि पालापाचोळा देणारी झाडं आधी लागतात हे कोणालाच पटत नाही.

ओळंबा

कोर्स की काम, यावर माझं मत देतो आणि थांबतो. या पावसाळ्यात स्वतःचा तो मुरमाड तुकडा. मोठा पाऊस चालू असताना तिथे जाऊन उभं राहा, पाणी कुठून येतं, कुठे पसरतं, कुठे जोर धरतं ते बघा. ती माहिती कुठल्याच नकाशात नसते. खाली दगडी बांध घाला, लहानसा, हाताने. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे, तिथली छोटी प्रशिक्षणं करा, माती तपासून घ्या. एखाद्या चांगल्या माणसाच्या हाताखाली सुट्टीच्या दिवशी फुकट नव्हे, रोजावर जा. दुसरा पावसाळा गेला की त्या तुकड्यावर लोकांना आणा. तोवर रजा आणि पैसे साठले तर कोर्स जरूर करा, तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतील.

संस्थांच्या प्रकल्पात किंवा सरकारी कामात शिरायचं असेल तर मात्र वेगळं. तिथे पीडीसीपेक्षा कृषीची किंवा समाजकार्याची पदवीच बघतात.

नोकरी इतक्यात सोडू नका.

काळीमाती

साहेबांच्या त्या दीड एकराखाली कोणाची जमीन आहे, हे आधी बघून या. नाव, गाव, पीक. त्यांच्याशी बोला. सांडवा त्यांच्याच बाजूला उतरणार.

सातपूरकर

बघतो. काका, ए-फ्रेम शनिवारी करतोय, फोटो टाकीन. साहेबांना सांगितलंय की या वर्षी फक्त मोजमाप, माती आणि राखणदाराच्या खोलीजवळचे वाफे. खोदाई पुढच्या वर्षी, तीही काकांनी एकदा जागा बघितल्यावर, फी घेऊन. भेटीचे पैसे सांगितले, ते काही न बोलता तयार झाले, मग वाटलं कमी सांगितले की काय.

आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली पानफूलबाईंचा नंबर घे.

आता आच्छादनाचा प्रश्न. मुरमाड तुकड्यावर झाकायला काहीच नाही, सोयाबीनचं भुसकट चुलत्यांच्या गाईंना जातं.

बागाईतदार

एप्रिलच्या खरड छाटणीची काडी माझ्या बांधावर ढीग लागून पडलीय, जाळायची नाही असं ठरवलंय यंदा. फवारणीची बाग आहे हे मात्र ध्यानात घ्या. भाजीच्या वाफ्यात टाकू नका, झाडांच्या आळ्यात वर्षभर कुजवून वापरा. बारीक करायचं यंत्र शेजाऱ्याकडे आहे, डिझेल तुमचं. वाळवी लागते म्हणून खोडापासून वीतभर लांब ठेवा.

ट्रॉली आणि दोन माणसं घेऊन या. मी एकटा भरून देणार नाही.

सातपूरकर

रविवारी सकाळी सातला येतो. चुलते ट्रॅक्टर द्यायला तयार झालेत, काडीतली निम्मी त्यांना चुलीसाठी हवीय म्हणून.